एका फाटकाआड सहा कुलपं

शेवटचं आम्ही दोघांनी मिळून काय केलं, तर वाल सोलले. रविवार होता. देवळात, म्हणजे चर्चमध्ये, सकाळची मिस्सा करून आलो, रेजिनाने साडी बदलली, मोड आलेल्या वालांची परात मागच्या पायरीवर आणून ठेवली आणि म्हणाली, "चला सुतार, फोन घ्या. हजेरी." ही आमची दर रविवारची हजेरी. ती वाल सोलता सोलता एकेक नाव घेणार, मी फोनवर त्या नावाची वेबसाइट उघडणार, आणि वरच्या पट्टीत नावाच्या बाजूला कुलपाचं चित्र दिसलं की 'आहे' म्हणणार. माझा फोन जुना, त्यात ते कुलूप अजून दिसतं. देवळात संतांची नावं घेतात आणि आपण मागून उत्तर देतो, अगदी तसं. "राजोडी?" "आहे." "वाचनालय?" "आहे." "फुलं?" "थांब, उघडतंय... आहे." "गायन मंडळ?" "आहे." "बँड?" "आहे." "सुतार?" "आहे." सुतार म्हणजे मी. आधी पाहुण्यांना वाढायचं आणि मग घरच्यांनी बसायचं, म्हणून माझं नाव शेवटी. हजेरी झाली. मग म्हणाली, "आहे खरं सगळं. पण सहा जणांची नावं मी कुलपाच्या एकाच पत्रावर ठेवलीत, माझ्या सोयीसाठी. ते बरं नाही. प्रत्येकाचं वेगळं करायला हवं. उद्या सकाळी राजोडीपासून सुरू करते." मी म्हटलं, कर. "आणि तुम्ही राजोडीच्या मंजुळेचं दार कधी करताय? नुसतं भिंतीला टेकून उभं आहे." मी म्हटलं, उद्या सकाळी. "तुमची उद्या सकाळ मला माहीत आहे." "तुझी काय वेगळी आहे?" तिने वालाचं साल माझ्या अंगावर उडवलं. दुपारी बिरडं झालं. मी दोनदा घेतलं.

सोमवारी ती माझ्याआधी उठली, चहा ठेवला आणि खुर्चीत बसली. चहा उतू गेल्याचा वास आला म्हणून मी उठलो. ओरडणार होतो, की गॅस बंद करायला काय झालं... ती खुर्चीतच होती. डॉक्टर म्हणाले, हृदय थांबलं, तिला कळलंही नसेल. मला कळलं ना.

मी इनास. सुतार. वसई पट्ट्यात आमच्या गावात राहतो. चौथीपर्यंत शिकलो, पुढे बापाने हातात रंधा दिला. दारं केली, खिडक्या केल्या, देवळातले बाक केले आणि मयताच्या पेट्या केल्या. आमच्या ख्रिस्ती लोकांत माणूस मातीत जातो तो पेटीतून, आणि ती कुणीतरी करावीच लागते. लोक मला विचारतात, तुला कसं वाटतं रे? काय वाटायचंय? नीट बसली पाहिजे, कोपरा सुटता कामा नये, एवढंच बघतो. रेजिनाची पेटीही मीच केली. तिच्या कपाटासाठी साग आणून ठेवला होता, त्याची केली. गावातले म्हणाले, इनास, तू नको करू, आम्ही विकत आणतो. मी म्हटलं, घरात सुतार असताना विकत? ती मला हसली असती. पेटी झाली. कोपरे चांगले बसले. मग मी वर्कशॉपची फळी लावून घेतली ती लावूनच ठेवली.

आता आमच्या फाटकाचं सांगतो, कारण त्याशिवाय रेजिनाचं काम कळणार नाही. आमच्या वाडीला एक फाटक आणि आत चार भाऊबंदांची घरं. आमच्याकडे नावं मोजकीच, आजोबाचं नातवाला, काकाचं पुतण्याला. एका वाडीत तीन इनास सहज निघतात. म्हणून घराला ठेवलेलं नाव असतं. आमचं सुताराचं घर, चुलत्याचं गाडीवाल्याचं, पलीकडे पानवाल्याचं. रीत अशी, की पाहुण्याने फाटकाबाहेरून घराचं नाव मोठ्याने सांगायचं, "सुताराकडे!" मग त्या घरचं माणूस येऊन खिटी काढणार आणि त्याला आपल्या दारात नेणार. नाव न सांगता कुणी नुसतीच कडी वाजवली, तर फाटकाला लागून जे पहिलं घर आहे ते उठतं. ते चुलत्याचं.

रेजिना आगाशीकडची. मुंबईत एका कंपनीत टेलिफोन ऑपरेटर होती. स्थळ बघायला तिचा बाप एकटाच यायचा होता, तर ही म्हणाली, राहायचंय मला, मीही घर बघणार. त्या काळात हे म्हणजे फार झालं. दोघं फाटकाशी आले आणि बापाने हाक दिली, "इनास आहे का?" घराचं नाव सांगितलंच नाही. चुलत्याच्या घरातून माझा चुलतभाऊ इनास बाहेर आला. त्याचंही लग्न व्हायचं होतं. पाहुणे आत गेले, चहा झाला, माझ्या चुलतीने मुलीकडे निरखून बघितलं आणि मनात सगळं ठरवूनही टाकलं. मग बापाने विचारलं, सुतारकाम कसं काय चाललंय? चुलतभाऊ म्हणाला, सुतारकाम? मी बैल हाकतो! तो गोंधळ काय सांगावा... चुलता हसत हसत त्यांना घेऊन आमच्या दारात आला आणि माझ्या आईला म्हणाला, "घे वहिनी, तुझा माल. आमच्याकडचा चहा पिऊन आलेत, आता जेवायला तू घाल." रेजिना जन्मभर सांगायची, "मी दोन इनास बघितले आणि दुसरा घेतला." चुलतभाऊ तिला म्हणायचा, वहिनी, पहिलाच बरा होता, निदान गाडीतून तरी फिरली असतीस. ती म्हणायची, तुमच्या बैलांनी नकार दिला.

कंपनीत तिच्या शेजारच्या खुर्चीवर सुलभा बसायची, नालासोपाऱ्याची, तुळिंजला राहणारी. दोघी बोर्डावर. नंबर एक, आत साहेब पन्नास. बाहेरच्याने नाव सांगायचं, यांनी बरोबर त्या साहेबाला जोडून द्यायचं. पुढे बोर्ड गेला आणि दोघींना कॉम्प्युटरच्या खोलीत बसवलं. रेजिना पहिले काही दिवस घरी येऊन रडली. मी म्हटलं, सोड नोकरी. डोळे पुसून म्हणाली, "सोडते कशाला? शिकते." आणि शिकली. दोघी शिकल्या, एकमेकींना शिव्या घालत. कंपनीच्या सगळ्या खात्यांच्या वेबसाइटी एका मशीनवर चालायच्या, त्या बघायचं काम शेवटी यांच्याकडे आलं. रिटायर झाल्यावर इतर बायका नोव्हेनाच्या प्रार्थनेला आणि लोणच्याला लागल्या. हिने तेही केलं, आणि वर एक मशीन भाड्याने घेतलं. ते मशीन आमच्या घरात नाही, कुठल्याशा थंडगार खोलीत असतं, मी कधी बघितलेलं नाही. मला म्हणाली, "पहिली वेबसाइट तुमची."

मी तापलो. "पेट्या विकायला वेबसाइट? मयताला कोण फोनवरून येतो?" तिने ऐकलं नाही. माझ्या पेट्यांचे फोटो काढले, लाकूड, माप, आतलं कापड, सगळं लिहिलं. एक दिवस आखातातून एका मुलाचा फोन आला. बाप इथे गेलेला, विमान दुसऱ्या दिवशीचं. रडत होता. म्हणाला, काका, मी पोचेपर्यंत काही करू शकत नाही, पण पपांची पेटी मला निवडायची आहे. त्याने फोटो बघून निवडली. फणसाची, साधी. त्यानंतर मी वेबसाइटबद्दल तोंड उघडलं नाही. रेजिनानेही 'बघा, मी सांगत होते' असं म्हटलं नाही, आणि बायकोने हे न म्हणणं म्हणजे काय, ते लग्न झालेल्यांना कळेल.

मग दुसरे आले. पास्कूचा आणि त्याच्या भावाचा ब्रास बँड, लग्नाला वाजवायचा. पास्कूने हौसेने सांगितलं, भाभी, आमचीही करा. हिने केली, त्याच मशीनवर. चार दिवसांनी पास्कू लालबुंद होऊन फाटकाशी. "सुताराकडे!" असा ओरडला की चारही घरं बाहेर आली. झालं होतं असं, की विरारच्या एका मुलीच्या बापाने बँड ठरवायला फोनवर त्याची वेबसाइट उघडली. फोनने आधी लाल पान दाखवलं, की जपून, हे पत्र बँडवाल्याचं नाही, दुसऱ्याच कुणाचं आहे. तो बाप हट्टी, तो तसाच पुढे गेला, तर समोर माझ्या पेट्या. ओळीने. त्याने पास्कूला फोन केला, "माझ्या पोरीचं लग्न आहे की मयत?" रेजिनाने कपाळावर हात मारला आणि इतकी हसली, इतकी हसली, की शेवटी पास्कूही हसायला लागला. म्हणाला, "भाभी, दोन्हीकडे आम्हीच वाजवतो, पण आधी सांगायचं नसतं!"

पास्कू गेल्यावर मी विचारलं, झालं काय नक्की? ती म्हणाली, कुलपाची दोन कामं. आपलं बोलणं मधे कुणी ऐकू नये, हे एक. आणि पलीकडचा माणूस तोच आहे, तोतया नाही, याची खात्री, हे दुसरं. त्या खात्रीचं एक पत्र असतं, सर्टिफिकेट. ते बाहेरची मोठी मंडळी देतात, तीनेक महिन्यांत शिळं होतं, मग नवं आणायचं. मशीनला एकदा सांगून ठेवलं की ते आपलं आपण आणतं. "आता ऐका. मशीन एक, पत्ता एक. आलेल्या माणसाला आत घेण्याआधी पत्र दाखवायचं असतं. पण तो कुणाकडे आलाय तेच माहीत नसेल, तर पत्र कुणाचं दाखवणार?" मी म्हटलं, विचारायचं. "पूर्वी विचारायची सोयच नव्हती. पत्र दाखवल्याशिवाय बोलणं सुरू नाही, आणि बोलल्याशिवाय नाव कळणार नाही. म्हणून एका पत्त्यावर एकच कुलपाचं घर. मग रीत निघाली, की येणाऱ्याने आधीच, फाटकाबाहेरून, मोठ्याने नाव सांगायचं. मशीन त्या घराचं पत्र काढून दाखवतं. पुढचं सगळं आत, गुपचूप." मी म्हटलं, म्हणजे आपलंच फाटक झालं की. "हेच सांगतेय मघापासून! बँडची पाटी मी लावली, पण कुलपाचं दार बसवायचंच विसरले. त्या माणसाने नाव बरोबर सांगितलं, पण त्या नावाचं कुलपाचं दार मशीनला सापडेना. मग ते काय करतं? पहिल्या घरात नेतं. पहिलं घर तुमचं." मी म्हटलं, "माझ्या सासऱ्यासारखं." ती म्हणाली, "बाबांनी निदान बैल बघितले. त्याने पेट्या बघितल्या."

त्यानंतर तिने एक पान केलं आणि ते सगळ्यांच्या पुढे ठेवलं. ते कुणाचंच नाही. त्यावर आमच्या फाटकाचा फोटो, मी केलेली लाकडी खिटी त्यात दिसते, आणि खाली तिने लिहिलेलं, 'कुणाकडे आलात? नाव सांगा.' वाट चुकलेला माणूस आता तिथे पोचतो. "नाव चुकलं तर फोन तिथेही कुरकुर करणारच," ती म्हणाली, "पण निदान पेटीत तर नाही पडणार कुणी." त्या दिवसापासून रविवारची हजेरी सुरू झाली. ती म्हणायची, माझ्या कॉम्प्युटरला आपल्या चुका दिसत नाहीत, त्याला सवय झालेली असते. बाहेरून कुणीतरी बघायला हवं. मी बाहेरचा. मला काही कळत नाही म्हणूनच मी बरा.

ती गेल्यावर हजेरी राहूनच गेली. रविवार आला की मी मिस्सा करून येई, पायरीकडे बघत नसे, पुढच्या खोलीत बसून राही. फोन उपडा. वर्कशॉप बंद. एकदा कुणीतरी पेटीसाठी आलं, फाटकाबाहेरून हाक दिली, मी उठलोच नाही. चुलतभावाने जाऊन दुसऱ्या सुताराचा पत्ता दिला. मग माझ्या दारात येऊन म्हणाला, "इनास, मेलेल्यांना तरी ताटकळत ठेवू नको रे." मी म्हटलं, तुझं काम कर. तो तरी काय करणार, गेला.

नाताळ तोंडावर आला तेव्हा फोन वाजला. राजोडीची मंजुळा. तिची ओळख सांगतो. नवरा गेला, पुढे मासेमारीची बोटही गेली, तेव्हा किनाऱ्याजवळच्या आपल्या घराच्या दोन खोल्या ती सुट्टीच्या दिवशी येणाऱ्या पाहुण्यांना देऊ लागली. मासळीचं जेवण तीच रांधते. रेजिनाने तिची वेबसाइट केली तेव्हापासून माणसं यायला लागली, आणि नाताळचा आठवडा म्हणजे तिची वर्षाची मीठमिरची. तिच्याच दुसऱ्या खोलीचं दार माझ्या वर्कशॉपमध्ये अर्धवट उभं होतं. खाऱ्या हवेने जुनं पार खाऊन टाकलेलं.

"काका, मंजुळा बोलतंय. माज्या खोल्यांवर कायतरी लाल येतं."

"कसलं लाल?"

"मना काय म्हाईत? मानसं फोन करून इचारतात, बाई, तुमचं खरं हाय का खोटं हाय? दोघांनी तर दुसरीकडं घेतली पन खोली. नाताळची मानसं पलाली तर मी काय करू, काका? काकी होती तवा असं कदी झालं नाय..." आणि एकदम थांबली. "काका, मना तसं बोलायचं नव्हतं."

"बरोबर बोललीस," मी म्हटलं. "बघतो."

बघतो म्हटलं, पण काय बघणार? फोन सरळ केला. राजोडी उघडली, लाल पान. वाचनालय, लाल. फुलं, लाल. गायन मंडळ, लाल. बँड तर उघडेचना. सुतार... माझ्या पेट्यासुद्धा धोक्याच्या. त्या फोटोतल्या फाटकावरही लाल. मुलीला फोन लावला. सबिना परदेशात असते, हुशार आहे, पण तिचं काम हिशेबाचं. म्हणाली, "पप्पा, ऐका माझं. बंद करून टाका सगळं. त्या सहा जणांना सांगा, मोठ्या कंपनीकडे जा. तुम्ही कशाला डोक्याला ताप घेता?" चूक नव्हती ती. पण मी म्हटलं, "मंजुळेचा नाताळ चार दिवसांवर आलाय. मोठी कंपनी तिचा फोन उचलेल का?" ती हळूच म्हणाली, "सुलभा मावशीकडे एक किल्ली असायची ना?"

ते माझ्या लक्षातच नव्हतं. रेजिनाच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं तेव्हा तिने मशीनची एक किल्ली सुलभाला दिली होती, शेजारणीकडे घराची ठेवतात तशी. फोन केला. सुलभाचा गुडघा नुकताच बदललेला, मयतालाही येऊ शकली नव्हती. म्हणाली, "भावोजी, घरूनही झालं असतं. पण मी येते. मला यायचंच आहे."

दुसऱ्या दिवशी तुळिंजहून रिक्षा करून आली. मी आत होतो. फाटकाबाहेरून खणखणीत हाक आली, "सुताराकडे!" ऑपरेटरचा आवाज, रेजिनासारखा. मी जाऊन खिटी काढली. काठी टेकत आत आली, इकडेतिकडे बघितलं, डोळे भरले, आणि लगेच फणकारली, "किती दिवस झाडलं नाहीये? रेजिनाने हाकलून दिलं असतं तुम्हाला." कॉम्प्युटर कोपऱ्यात, पुढे रेजिनाची खुर्ची. सुलभा स्टूल ओढायला लागली. मी म्हटलं, खुर्चीत बस. म्हणाली, नको. मी म्हटलं, "खुर्ची बसायलाच केलीय मी. बस." मग बसली.

बराच वेळ ती काहीबाही वाचत होती. मी चहा केला, उतू जाऊ दिला नाही. शेवटी चष्मा काढून म्हणाली, "सापडलं. सहाही नावं एकाच पत्रावर आहेत."

"माहीत आहे. वेगळी करणार होती ती."

"नवं पत्र देण्याआधी बाहेरची मंडळी एकेका नावाला हाक मारून बघतात, की हा खरंच इथे राहतो का. पाच जणांनी ओ दिली. बँडने दिली नाही. काय झालं बँडचं?"

मला ते उडत उडत कळलं होतं. पास्कूचं आणि भावाचं वाजलं. बँड फुटला, वेबसाइटच्या नावाचे वर्षाचे पैसे पुढे कुणीच भरले नाहीत, नाव सुटलं. मी तसं सांगितलं.

"मग तेच," सुलभा म्हणाली. "एकाची ओ आली नाही म्हणून सगळं पत्रच नाकारलं."

"एक गेला तर पाच जणांना शिक्षा? हा कुठला न्याय?"

"मशीन आहे ते, भावोजी. त्याला एकत्र म्हणून सांगितलं की ते एकत्रच धरतं. सगळे हजर असतील तरच पुढचं."

मी चहा संपवून कप खाली ठेवला. मशीनला शिव्या घालायला तोंड उघडलं होतं, पण मी तरी एवढे दिवस दुसरं काय करत होतो? एकीची ओ येईना म्हणून सगळी दारं लावून बसलो होतो. पेटीवाल्यांना दार नाही, चुलतभावाला धड उत्तर नाही, मंजुळेचं दार भिंतीला टेकलेलं. सुलभाला कळलं असावं. ती कप बाजूला सारून म्हणाली, "चला. एकेकाचं वेगळं करू. कुणापासून?"

"राजोडीपासून. तसं ती म्हणाली होती."

मग एकेका नावाचं वेगळं पत्र. मशीनने विचारायचं, बाहेरून हाक यायची, आतून ओ जायची, की पत्र आलं. सुलभा एकीकडे पुटपुटत होती, रेजिनाशी बोलल्यासारखी, "हे इथे कशाला ठेवलंस गं बाई... अच्छा, म्हणून होय." बँडचं नाव आलं तेव्हा म्हणाली, हे पुसून टाकू? मी म्हटलं, पुसू नको. पाटी काढून घडी करून ठेव. भाऊ आहेत, आज भांडले, उद्या एक होतील, तेव्हा लागेल. मग म्हणाली, घ्या फोन, बघा राजोडी. मी उघडलं. लाल. बारीक अक्षर कसंबसं वाचलं आणि तिच्यापुढे धरलं, "हे कुणाचं पत्र दाखवतंय ते बघ." सुलभाने बघितलं. सुतार. किनाऱ्यावर खोली मागायला आलेल्या माणसाला पेटीवाल्याचं पत्र! "हात्तेरे की," तिने कपाळाला हात लावला, "मंजुळेचं पत्र आणलं आणि दाराला लावताना खाली तुमचंच नाव राहू दिलं मी." तिने मान वर केली, मी तिच्याकडे बघितलं, आणि आम्ही दोघं हसायला लागलो. रेजिना हसली होती तसे. पोट धरून. चुलतभाऊ खिडकीत येऊन उभा राहिला, काय झालं बघायला. मला बघून तोही हसायला लागला, त्याला कारणही माहीत नव्हतं. ती गेल्यापासून त्या घरात पहिल्यांदा कुणी हसलं असेल.

मग ते नीट केलं. फाटकाचं पान तिने जसं होतं तसंच ठेवलं, सगळ्यांत पुढे, त्यालाही त्याचं पत्र. संध्याकाळ व्हायच्या आत एकेकावर कुलूप दिसायला लागलं. मंजुळेला फोन केला. "बघ आता." पलीकडून गलका, कुणालातरी तिने फोन बघायला लावला, आणि मग ओरडली, "गेलं, काका! लाल गेलं!" मग लगेच, "आनि काका... माजं दार?" मी म्हटलं, उद्या सकाळी. म्हटलं आणि जीभ चावली. सुलभा रिक्षात बसताना म्हणाली, "दर रविवारी हजेरी घ्या. काही लाल दिसलं तर मला फोन. आणि गुडघा बरा झाला की मी येत जाईन, तुम्हाला थोडं शिकवते." मी म्हटलं, चौथी शिकलोय मी. म्हणाली, "रेजिना बोर्डावरून आली तेव्हा तिलाही काही येत नव्हतं. रडत होती. तुम्हाला काय सांगायचं, तुम्हाला माहीत आहे."

हे लिहायला बसलो कारण गावातले विचारतात, रेजिना घरात बसून नक्की काय करायची? तर ती हे करायची. आलेला माणूस ज्याच्याकडे आलाय त्याच्याच दारात पोचावा आणि वाटेत कुणी त्याला फसवू नये, एवढं बघायची. आधी फोनच्या बोर्डावर बसून, मग त्या मशीनवर. चुकीच्या दारातून माझ्या दारात आलेली बाई ती, तिला त्याची किंमत माहीत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी उठलो. रविवार नव्हता. चहा घेतला, कप घेऊन मागच्या पायरीवर जाऊन बसलो. पायरीच्या फटीत वालाचं एक सुकलेलं साल अजून अडकलेलं होतं, ते राहू दिलं. फोन उघडला आणि एकेक नाव मोठ्याने घेतलं. घेणारा मीच, उत्तर देणाराही मीच. राजोडी, आहे. वाचनालय, आहे. फुलं, आहे. गायन मंडळ, आहे. मग घरचं. सुतार... आहे. उठलो, वर्कशॉपची फळी काढली. आत कोंदट वास, रंध्याला गंज धरलेला. तो घासला. भिंतीशी मंजुळेचं दार तसंच उभं होतं, त्याला मधली एक फळी कमी होती. रेजिनाच्या पेटीतून उरलेल्या सागाची एक होती, ती मापाला बरोबर बसली. दुपारच्या आत दार टेम्पोत चढवलं, चुलतभावाला म्हटलं, बस, एक टोक धरायला माणूस पाहिजे. राजोडीला पोचलो तर मंजुळेच्या अंगणात पाहुण्यांची एक गाडी आधीच उभी होती. कुंपणाबाहेरून मी हाक दिली, घराचं नाव घेऊन, मोठ्याने. ती पदराला हात पुसत धावत आली आणि तिने आम्हाला आत घेतलं.